शाळेतला अंधार आणि भिंतीवरचं चित्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात तीसेक वर्षं विज्ञान आणि भूगोल शिकवला. निवृत्त होताना भंगारात निघालेला एक स्लाइड प्रोजेक्टर, एक ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टर) आणि फिल्मस्ट्रिपच्या डब्या रीतसर पावती फाडून घरी आणल्या, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. आता बी.एड.ची मुलं, नोकरीतले शिक्षक, कधी नुसतेच हौशी लोक ते बघायला येतात आणि शाळेत यंत्रानं भिंतीवर टाकायच्या चित्रांबद्दल, म्हणजे प्रक्षेपित चित्रांबद्दल, ठरलेले प्रश्न विचारतात. दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून इथं लिहून ठेवतोय.

टीव्ही, स्मार्ट पॅनेल हेही प्रक्षेपित चित्रच ना?

नाही. चित्रातून आरपार गेलेला किंवा चित्रावरून परतलेला प्रकाश भिंगातून जाऊन भिंतीवर पडला, तर ते प्रक्षेपण. टीव्ही स्वतःच उजळतो. फरक किरकोळ वाटतो, पण सगळी गंमत तिथंच आहे. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे जिथं प्रकाश पडला नाही ती जागा. खिडकीतून ऊन आत आलं की ती जागा काळी राहत नाही, आणि चित्र धुतल्यासारखं होतं. हे तंत्र शाळेत कधी आलं, कधी रुळलं आणि कधी कपाटात गेलं, याची कारणं शोधायला गेलात तर भिंगापेक्षा दिवा आणि अंधारच जास्त वेळा हाती लागतील.

जादूचा कंदील कोणी शोधला? नेटवर किर्शरचं नाव दिसतं.

जादूचा कंदील म्हणजे काचेवरचं चित्र दिवा आणि भिंगानं भिंतीवर टाकणारं यंत्र, प्रोजेक्टरचा पूर्वज. किर्शरचं नाव दिसतं खरं, पण मान हायगेन्सचा. ख्रिस्तियान हायगेन्स हा डच शास्त्रज्ञ. शनीभोवती कडं आहे हे ज्यानं उलगडून सांगितलं तोच. १६५९ साली त्याच्या कागदांत कंदिलासाठी काढलेली चित्रं सापडतात. चित्र कसलं, तर स्वतःचं डोकं काढून हातात घेणारा सांगाडा! पुढं त्याला या खेळण्याची लाजच वाटायला लागली. वडिलांनी फ्रान्सच्या दरबारात दाखवायला कंदील मागितला, तेव्हा त्यानं भावाला कळवलं की हळूच एखादं भिंग काढून घे, म्हणजे तो चालणारच नाही.

आथानासिउस किर्शर या जर्मन पंडिताच्या ग्रंथाच्या १६७१च्या आवृत्तीत कंदिलाचं चित्र आहे आणि तेच सगळीकडं फिरतं. नीट बघा, त्यात काचपट्टी भिंगाच्या पुढं दाखवली आहे. तशी ठेवली तर भिंतीवर काहीही उमटणार नाही. मुलांना हे चित्र देऊन ‘यात काय चुकलंय?’ विचारावं, प्रकाशाच्या धड्याचा अर्धा तास मजेत जातो.

एक योगायोग मला फार आवडतो. शिक्षणतज्ज्ञ कोमेनिअसचं मुलांसाठीचं प्रसिद्ध सचित्र पाठ्यपुस्तक न्यूरेंबर्गमध्ये १६५८ साली निघालं, म्हणजे हायगेन्सच्या कंदिलाच्या अवघं एक वर्ष आधी. चित्रातून शिकवायची कल्पना आणि चित्र भिंतीवर टाकायचं यंत्र असे हातात हात घालून जन्मले, आणि शाळेत एकत्र यायला त्यांना दोनशे वर्षं लागली.

दोनशे वर्षं का लागली?

दिव्यामुळं. काचेवर रंगवलेलं चित्र साध्या तेलाच्या दिव्यानं भिंतीवर टाकलं तर दिवाणखान्यातल्या दहा-पंधरा जणांना दिसेल, साठ मुलांच्या वर्गाला नाही. १७८०च्या दशकात आर्गां नावाच्या स्विस संशोधकानं पोकळ गोल वात आणि काचेची चिमणी असलेला दिवा केला, तेव्हा जरा उजेड पडला. त्याच शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये रोबेरसों नावाचा गृहस्थ कंदिलातून भुतं नाचवून लोकांची बोबडी वळवत होता. म्हणजे करमणुकीला तेवढा उजेड पुरत होता, शिक्षणाला नव्हता.

१८२०च्या दशकात चुन्याचा दिवा आला. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याचा खडा तापवला की तो डोळे दिपवणारा पांढरा उजेड देतो. आपल्या वर्तमानपत्रांत पुढारी ‘लाइमलाइटमध्ये’ येतात, ते याच चुन्याच्या उजेडात. मोठ्या सभागृहांत त्यानं कमाल केली. पण दोन्ही वायू पिशव्यांत भरून वर्गात आणायचे आणि मुलांसमोर पेटवायचे, हे कुठल्या मुख्याध्यापकाला चाललं असतं?

वाट मोकळी केली ती रॉकेलनं. १८७०च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या मार्सीचा ‘सायऑप्टिकॉन’ कंदील निघाला. त्याच्या रुंद चपट्या वाती भिंगाच्या दिशेनं लांबीत बसवलेल्या, त्यामुळं उजेड पुष्कळ आणि धोका कमी. तोवर त्याच शहरातल्या लांगनहाइम बंधूंनी काचेवर फोटो छापायची युक्ती साधली होती. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात त्यांच्या स्लाइड मांडलेल्या होत्या. आधीची प्रत्येक काच चित्रकारानं हातानं रंगवलेली असायची. आता एकाच फोटोच्या हव्या तेवढ्या प्रती निघू लागल्या. रॉकेलचा दिवा आणि फोटोची काच एकत्र आल्यावर शाळेचं दार उघडलं.

आपल्या महाराष्ट्रात हे कधी आलं?

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९०च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावानं कंदिलाचे खेळ सुरू केले. शांबरी म्हणजे माया, जादू. नाव उच्चारतानाच तिकीट काढावंसं वाटतं! रामायण-महाभारतातले प्रसंग काचेवर रंगवलेले, काही काचांना हलणारे भाग जोडलेले, सोबत निवेदन. शाळा नव्हे ही, पण चित्रापाशी उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस आपल्याकडं चित्रकथी परंपरेपासून आहे, त्यामुळं लोकांना हे परकं वाटलं नसणार.

दादासाहेब फाळक्यांचं एक काम शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावं. पहिला कथापट काढायच्या आधी, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून चित्रित केली. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून केलेला तो खटाटोप. पण बीज अंकुरताना डोळ्यांनी दिसणं म्हणजे सहावीच्या विज्ञानाचा पाठच की!

साहेबांच्या काळात शाळांना स्लाइड मिळत होत्या का?

मिळत होत्या, आणि त्यामागं हेतू होता. १९०२ साली ब्रिटनच्या वसाहत खात्यानं दृश्य शिक्षणासाठी एक समिती नेमली. साम्राज्यातल्या मुलांना इंग्लंड दाखवायचं आणि इंग्लंडातल्या मुलांना साम्राज्य, असा तो मामला. भूगोलतज्ज्ञ हॅलफर्ड मॅकिंडर यांनी व्याख्यानं लिहिली आणि ह्यू फिशर या चित्रकाराला कॅमेरा-कुंचला देऊन प्रवासाला धाडलं. १९०७-०८ मध्ये तो भारतात फिरला, आणि १९१० साली भारतावरची आठ व्याख्यानं छापून निघाली. शिक्षकानं काच सरकवायची आणि पुस्तकातला मजकूर वाचायचा.

भूगोलाचा शिक्षक म्हणून सांगतो, व्याख्यानांची बांधणी चांगली आहे. पण कुठला घाट, कुठला किल्ला, कुठला कारागीर दाखवायचा हे ठरवणारे डोळे तिकडचे होते. अंधारात एकच चित्र उजळलेलं असतं, तेव्हा तेवढंच खरं वाटतं. हे आजच्या व्हिडिओंनाही लागू आहे, पण तो विषय वेगळा.

एडिसन म्हणाला होता की पुस्तकं जातील. मग गेली का नाहीत?

१९१३ साली त्यानं सांगितलं होतं की शाळांतून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील आणि दहा वर्षांत शाळेची सगळी पद्धत पालटेल. सिनेमाची यंत्रं विकणारा माणूस याहून वेगळं काय सांगणार?

सिनेमाची अडचण अशी की तो थांबत नाही. मुलानं मध्येच हात वर केला तर काय करायचं? यंत्र थांबवलं तर दिव्याच्या उष्णतेनं ती चौकट भाजायची. प्रशिक्षण घेताना मी हे स्वतः बघितलंय. सोळा मिलिमीटरची फिल्म अडकली, पडद्यावर मध्यभागी तपकिरी डाग आला, फुगला, पसरला आणि वर्गभर जळका वास. खरं तर त्या दिवशीचं तेवढंच लक्षात आहे, फिल्म कशावर होती ते साफ विसरलो. काचेची स्लाइड मात्र शिक्षकाचं बोलणं संपेपर्यंत निमूट थांबते. शाळेत ती टिकली ती या गुणावर.

स्लाइड यंत्रात उलटी का घालतात?

भिंग प्रतिमा उलटी करतं. म्हणून काच डोकं खाली करून घालायची, म्हणजे भिंतीवर सुलटी पडते. अंधारात चूक होऊ नये म्हणून काचेवर एक ठिपका चिकटवायचा. चित्र हातात सुलटं धरलं की तो खालच्या डाव्या कोपऱ्यात येतो. काच उलटी फिरवली की वरच्या उजव्या कोपऱ्यात, नेमका उजव्या अंगठ्याखाली. अंगठ्याला ठिपका लागला की डोळे मिटून घाला. इंग्लिश काचा सव्वातीन इंच चौरस असायच्या, अमेरिकन चार इंच रुंद. नंतरच्या पस्तीस मिलिमीटरच्या स्लाइडना दोन इंची पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची चौकट आली, पण ठिपक्याचा नियम तोच.

नियम मोडल्यावर काय होतं? नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी सिद्धेश्वर तलावाची स्लाइड पाठीमागून घातली. वर-खाली बरोबर, पण डावं-उजवं उलटं. माझ्या लक्षात आलं नाही. मी तलाव, देऊळ, गड्ड्याची यात्रा असं बोलत सुटलो. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, किल्ला हिकडं कसा आला?” सगळा वर्ग हसला. पोरगं तलावाच्याच बाजूला राहणारं, त्याला कसं फसवणार? तेव्हापासून प्रत्येक स्लाइडवर लाल ठिपका.

एपिडायस्कोप म्हणजे काय? परीक्षेत विचारतात.

पुस्तकातलं पान, नाणं, पान-फूल अशी अपारदर्शक वस्तू भिंतीवर टाकणारं यंत्र. वस्तूवर झगझगीत उजेड पाडायचा आणि परतलेला प्रकाश आरसा-भिंगातून पाठवायचा. हेच यंत्र पारदर्शक स्लाइडही दाखवत असेल तर एपिडायस्कोप, नाहीतर नुसता एपिस्कोप. परतलेला प्रकाश फारच थोडा, म्हणून त्याला गुडुप अंधार लागायचा. शिवाय वजन इतकं की एका शिपायाला उचलायचं नाही. आजचा डॉक्युमेंट कॅमेरा त्याचाच नातू.

फिल्मस्ट्रिपच्या त्या डब्यांत काय आहे?

औषधाच्या डबीएवढ्या गोल डबीत पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मची गुंडाळी. तिच्यावर तीस-चाळीस स्थिर चित्रं ओळीनं. चकती फिरवली की पुढचं चित्र. काचा फुटायची भीती नाही, क्रम चुकायची भीती नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेत सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना घाऊक शिकवायचं होतं तेव्हा तिनं जोर धरला, आणि तिथून ती जगभरच्या शाळांत पसरली. काही संचांबरोबर तबकडी यायची. ‘टिंग’ वाजलं की चित्र पुढं सरकवायचं.

माझ्याकडची कापसाची फिल्मस्ट्रिप आहे, तिच्याखालचे मथळे इंग्रजीत. गिरण्यांचं गाव आमचं, कापूस मुलांच्या ओळखीचा. तरी मी विचारलं, “हे काय?” एक मुलगा उत्साहानं ओरडला, “हत्ती!” वर्गात हशा. तो बिचारा गोरामोरा. घरी कन्नड बोलणारा तो. कन्नडात कापसाला हत्ती म्हणतात. पुढच्या बाकावरची तेलुगू मुलगी म्हणाली, “आमच्यात पत्ती.” उर्दूवालं कोणी असतं तर रुई आली असती. पडद्यावर बोंड तसंच पांढरंशुभ्र थांबलेलं. त्या दिवशी फळ्यावर चार भाषांतली नावं लिहिली आणि धडा तिथंच राहिला. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू असं एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या गावात चित्राची किंमत काय, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या बोंडानं जास्त शिकवलं.

सोलापूरच्या उन्हात अंधार कसा करायचात?

इथंच घोडं पेंड खायचं! आमच्या वर्गाला पश्चिमेला चार खिडक्या, तावदानं निम्मी फुटलेली. एप्रिलमध्ये बाहेर बेचाळीस. गोणपाट लावून बघितलं, त्यातून उजेडाच्या चांदण्या पडायच्या. निळा कागद चिकटवला, तो आठवड्यात फाटला. शेवटी उपाय घरचाच सापडला. मुलांच्या घरी चादरींना तोटा नव्हता. निम्म्यांचे आईवडील मागावर. सोलापुरी चादर दुहेरी करून खिडकीला टांगली की मयूरपंखी नक्षीच्या कडा तेवढ्या उजळायच्या, बाकी मिट्ट. एकदा कोणीतरी सुचवलं की पडदाही चादरीचाच करू. केला. भीमा नदीचं खोरं कमळांच्या नक्षीवर पसरलं, काही म्हणता काही कळेना. पडद्याला मांजरपाटच हवा, धुवून कडक इस्त्री केलेला. तेव्हापासून आमचा नियम ठरला : चादर खिडकीला, मांजरपाट भिंतीला.

अंधार झाला की पहिली दोन मिनिटं शिट्ट्या, मांजराचे आवाज. ते होऊ द्यावं. चित्र पडलं की आपोआप थांबतं. पंखा मात्र बंद ठेवावा लागायचा, नाहीतर पडदा हलून समुद्रात नसलेल्या लाटा यायच्या. घामाघूम व्हायचो सगळे.

ओएचपीचं एवढं कौतुक का? ते तर जुनाट यंत्र.

कारण त्याला अंधार लागत नव्हता, आणि शिक्षकाला वर्गाकडं पाठ करावी लागत नव्हती.

या जातीचं यंत्र अमेरिकन सैन्यानं दुसऱ्या महायुद्धात प्रशिक्षणासाठी वापरलं. शाळांच्या आवाक्यात ते १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आलं, थ्रीएम कंपनीतल्या रॉजर अॅपलडॉर्न यांच्या कामामुळं. खाली दिवा, वर काच, काचेखाली फ्रेनेलचं भिंग, दांड्यावर छोटं भिंग आणि आरसा. फ्रेनेल भिंग मुळात दीपगृहासाठी केलेलं, १८२०च्या दशकातलं. जाड भिंगाचा मधला गर काढून टाकून नुसत्या कडांची वर्तुळं ठेवली, तर ते पातळ पत्र्यासारखं होतं आणि उजेड तरी गोळा करतं. समुद्र न बघितलेल्या आमच्या मुलांना मी सांगायचो, “हे जहाजाला वाट दाखवणारं भिंग आहे, आज आपल्याला दाखवतंय.” अप्रूप वाटायचं.

मोठा गुण म्हणजे एकावर एक पत्रे, म्हणजे चित्र काढलेले पारदर्शक प्लॅस्टिकचे कागद, ठेवता यायचे. सोलापूर जिल्ह्याचा संच मी स्वतः केला होता. पहिल्या पत्र्यावर जिल्ह्याची हद्द आणि अकरा तालुके. दुसऱ्यावर भीमा, सीना, माण, नीरा. तिसऱ्यावर पाऊस, जिथं कमी तिथं विटकरी रंग. चौथ्यावर १९८० साली पूर्ण झालेलं उजनी आणि त्याचे कालवे. एकेक पत्रा ठेवत जायचं आणि मुलांना विचारत जायचं. चौथा पत्रा ठेवला की निळ्या रेघा विटकरी रंगावर धावतात, ते छानच दिसायचं. एका वर्षी एक मुलगी उभी राहिली, “सर, मग मामाच्या गावाला टँकर का येतो?” मामाचं गाव सांगोल्याकडं. मी चारही पत्रे उलटेपालटे करून बघितले. तिच्या प्रश्नाचं उत्तर एकावरही नव्हतं. पाचवा पत्रा कोरा घेतला आणि मुलांनाच एकेक करून यंत्रापाशी बोलावलं. कालवा कुठं थांबतो, चढ कुठं आहे, ऊस कुठं आहे, जे ठाऊक ते काढा म्हटलं. तो पत्रा अजून आहे, शाई जरा फुटली आहे.

शाई फुटायचं कारण घाम. पाण्यात विरघळणाऱ्या पेनानं लिहिलेलं तळहाताला लागलं की भीमेचा काठ सुटायचा. दुसरी डोकेदुखी बल्ब. हॅलोजनचा बल्ब बोटानं धरला की कातडीचं तेल काचेला लागतं, ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. रुमालात धरूनच बसवायचा. एका शाळेत तर बल्ब जाईल या धास्तीनं ओएचपी कुलपातच असायचा, फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर यायचा आणि हार घातल्यासारखा टेबलावर बसायचा. बल्ब शेवटपर्यंत शाबूत राहिला म्हणे!

वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के लक्षात राहतं. हे पाठात लिहू का?

लिहू नका. हे टक्के ज्याच्या नावावर खपवतात तो अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेलचा अनुभवशंकू १९४६ सालचा, आणि त्यात एकही टक्केवारी नाही. थेट अनुभव तळाला, शब्द टोकाला, मध्ये प्रात्यक्षिक, सहल, चित्रपट, स्थिर चित्रं वगैरे, एवढीच ती मांडणी. वरचा थर वाईट आणि खालचा चांगला असंही त्याचं म्हणणं नव्हतं. टक्के नंतर कुणीतरी चिकटवले. १९६७च्या एका लेखात ते छापलेले सापडतात, लिहिणारा तेल कंपनीतला माणूस, आणि मागं प्रयोग कोणता ते कुठंच नाही. इतके सुबक दहा-वीस-तीस आकडे खऱ्या प्रयोगातून येतील असं वाटणाऱ्यानं एकदा तरी वर्गाचा निकाल लावून बघावा.

खरी संशोधनं आहेत. चित्र आणि त्याच वेळी बोललेले शब्द यांनी समज वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्यासारख्यांनी बऱ्याच प्रयोगांतून दाखवलं आहे. पडद्यावर लिहिलेलं वाक्य तसंच्या तसं मोठ्यानं वाचत बसलं तर मात्र ते उलट आडवं येतं. सराव पाठाला बसलेल्या परीक्षकांनाही हे जरूर सांगा, माझं नाव न घेता.

पॉवरपॉइंटनं सगळं बदललं का?

पॉवरपॉइंट १९८७ साली निघालं, आणि सुरुवातीला त्याचं काम काय होतं माहितीये? ओएचपीचे पत्रे छापायला पानं तयार करणं! काळ्या-पांढऱ्या पानांची प्रिंट काढायची, पारदर्शक पत्र्यावर उतरवायची. आज आपण ‘स्लाइड’ म्हणतो तो शब्द तर त्याहून जुना, लाकडी चौकटीतून सरकवायच्या काचेचा.

त्याच १९८७ साली अमेरिकेत लॅरी हॉर्नबेकनं सूक्ष्म आरशांची चिप बनवली. आजच्या कितीतरी प्रोजेक्टरांत तीच असते. आणि त्याच साली आपल्याकडं खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळ्यासह गरजेचं साहित्य मिळावं म्हणून. तिघांची सालं शेजारी शेजारी लिहून बघा.

आमच्या शाळेत प्रोजेक्टर आहे, पण चित्र फिकट दिसतं. नवा घ्यावा का?

आधी जुना पुढं सरकवा. अंतर दुप्पट केलं की चित्र चौपट जागेवर पसरतं आणि उजेड एक चतुर्थांश राहतो. मोठं चित्र म्हणजे चांगलं चित्र, हा हट्ट सोडा. मग पडद्यासमोरची ट्यूबलाइट बंद करा, मागची चालू ठेवा. गुळगुळीत व्हाइटबोर्डवर टाकू नका, मधोमध चकाकी येते. चित्र वर रुंद आणि खाली अरुंद दिसत असेल तर यंत्राचं तोंड वर उचललेलं आहे; खाली वह्यांचा गठ्ठा घालण्यापेक्षा टेबलच उंच घ्या. फिल्टरची धूळ झटका. सोलापूरची धूळ आहे, दर महिन्याला झटका. एवढं करून फिकटच दिसलं तर मग चादरी आहेतच.

क्यूआर कोडच्या जमान्यात भिंतीवरचं चित्र कालबाह्य झालं का?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात येणारच. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली. पाठ्यपुस्तकं मुलांच्या मातृभाषेत नेणं आणि त्यात क्यूआर कोड घालणं, हे त्यांच्या कामात मोठं मानलं गेलं. पुढं राज्याच्या पुस्तकांतही कोड आले. भाषेचं काम मला विशेष वाटतं. हत्तीचा किस्सा वर सांगितलाच आहे.

कोडनं चित्र भिंतीवरून तळहातावर आणलं. मूल आजारी पडलं तरी घरी बघू शकतं, दहादा बघू शकतं, थांबवू शकतं. एडिसनच्या फिल्मला हे जमत नव्हतं. पण फोनवर “किल्ला हिकडं कसा आला?” असं एक जण ओरडला आणि चाळीस जण हसले, असं होत नाही. मला दोन्ही हवं आहे.

आजोबांच्या पेटीत काचेच्या स्लाइड सापडल्या. काय करू?

पुसू नका. ओल्या फडक्यानं तर अजिबात नाही. चित्र जिलेटिनच्या थरात असतं आणि तो थर पाण्यानं फुगतो. कडांनी धरा, मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढा. बुरशी असेल तर इतरांपासून वेगळ्या ठेवा. काचा उभ्या ठेवाव्यात, थप्पी लावू नये. मोबाइलनं प्रत काढायची तर पांढऱ्या एलईडी पॅनेलवर ठेवून वरून फोटो घ्या, खोलीतले बाकी दिवे मालवून.

फिल्मस्ट्रिप गुलाबी दिसत असेल तर घाबरू नका, जुन्या रंगीत फिल्मचा निळसर रंग आधी उडतो. डबीला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्म कुजू लागली आहे. ताबडतोब प्रत काढून घ्या. फिल्म १९५१च्या आधीची आणि नायट्रेटची असल्याचा संशय असेल, तर यंत्रात घालूच नका. ती भडकते, आणि विझवायला गेलं तरी विझत नाही.

तुमची यंत्रं चालू आहेत का? बघायला येता येईल?

स्लाइड प्रोजेक्टर चालतो. ओएचपीचे दोनच बल्ब उरलेत, त्यामुळं तो दहा मिनिटांपलीकडं लावत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी सातच्या आत येऊ नका, खोलीला पश्चिमेची खिडकी आहे आणि चादरी आता घरात पांघरायला लागतात. आणि दिवा मालवला म्हणून लगेच प्लग ओढू नका. आतला पंखा दोन-तीन मिनिटं फिरू द्यायचा. तोवर चहा होतो.